श्रवणातीत ध्वनि आणि घरांतील दागिने

तळवड्याच्या कारखान्यांच्या परिसरांत यंत्रांचे लहानसहान भाग घडतात. अशा भागांच्या बारीक छिद्रांतील तेल व कीस काढण्यास कुंचला पोंचत नाहीं. तेथें श्रवणातीत ध्वनीची टांकी कामास येते. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो. ही टांकी बहुधा ४०,००० कंपनें निर्माण करते. त्यांच्या योगानें पाण्यांत असंख्य सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होऊन लागलेच मिटतात. मिटतांना होणाऱ्या प्रचंड दाबाचें गणित लॉर्ड रॅले यांनीं १९१७ सालीं मांडलें. तोच दाब मळ सुटा करतो.

हेंच यंत्र लहान आकारांत आतां घरांतही आलें आहे. घेतांना कंपनसंख्या पाहावी. कित्येक स्वस्त पेट्यांत नुसती थरथरणारी मोटार असते. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा दोऱ्यानें मिनिटभर पाण्यांत सोडावा. त्यास टोंचे पडले, तर यंत्र खरें. पाण्यांत साबणाचे चार थेंब घालून तें प्रथम रिकामेंच चालवावें, म्हणजे विरलेली हवा निघून जाते. वस्तु जाळींत ठेवाव्या, तळास टेकवूं नयेत. स्पिरिट किंवा पेट्रोल कदापि घालूं नये.

भरींव सोन्याची बांगडी तीन मिनिटांत उजळते. परंतु मोत्यांची नथ तींत टाकूं नये. मोत्याचा थर दुखावतो, पाचूच्या भेगांतील तेल निघून जातें, कोल्हापुरी साजांतील लाख सैल होते. त्यांस ओलसर मऊ फडकेंच बरें. पोलादाचा मळ काढणारें पाणी आजीच्या नथीस मानवत नाहीं.