पायी का हिंडायचे?
(भिवंडी मुक्कामी झालेल्या भाषणातून)



शहरात डॉक्टर सांगतो म्हणून लोक सकाळी चालतात. आपण तर दिवसभर डवऱ्यामागे चालतो. मग आम्ही गावोगाव पायी का हिंडतो?

एक कारण आमच्या शिक्षणातले. शेतकीची पदवी घेतलेल्याला जीपमधून कपाशी हिरवीगारच दिसते. ओळीत शिरून फुले पाहावीत, तेव्हा डोमकळी सापडते आणि गुलाबी बोंडअळी आल्याचे कळते. २०१७ साली तिने केलेली नासाडी तुम्ही भोगली आहे.

दुसरे भीतीचे. साहेबाच्या टेबलासमोर आपला आवाज बसतो. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला, भिवंडी तालुक्यातून मुंबईला गेला. सुमारे १८० किलोमीटर. झेंडा निराळा, मागण्याही पुष्कळशा वनजमिनीच्या, असू द्या. दहावीच्या पोरांची परीक्षा अडू नये म्हणून फोड आलेल्या पायांनी ती माणसे शेवटची मजल रात्रीतून चालली. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पोरांची परीक्षा आठवत नाही.

तिसरे इथलेच. कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर चढला की पुढचे आपण बघत नाही. हा यंत्रमागांचा खडखडाट ऐका, आत डोकावा. एका मागावर सुती धागा, शेजारी पॉलिएस्टर. आपला भाव दाबणाऱ्यांत तोही एक गडी आहे.

उद्या सकाळी सहाला निघू. मागवाल्यांना एवढेच विचारायचे: सुती धागा किलोला काय भावाने पडतो, आणि पॉलिएस्टर काय भावाने? उत्तरे वहीत लिहून गावी न्या.