मुकादमाची टोळी: कन्सल्टिंग कंपनीत जावं का?

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून करतोय. मेसेज वेल्ह्याचा आहे. कागदोपत्री आता राजगड तालुका झालाय, पण आम्हा भोरवाल्यांच्या तोंडी अजून वेल्हेच. मुलगा इंजिनिअर झालाय, हातात दोन ऑफर आहेत. एक हिंजवडीतली मोठी कन्सल्टिंग कंपनी, वर्षाला साडेतीन लाख. दुसरी बाणेरची, पंधरा माणसांची, स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणारी, पाच लाख. एज्युकेशन लोनचा हप्ता सुरू होतोय आणि घरात दुसरा पगार नाही. विचारतोय, "दादा, कुठली घेऊ?"

आधी हा धंदा चालतो कसा ते बघ. लावणीला मुकादम टोळी घेऊन येतो. शेत दुसऱ्याचं, भात दुसऱ्याचा. मालक मुकादमाला पैसे देतो, मुकादम टोळीला रोज देतो, मधला फरक त्याचा. कन्सल्टिंग हेच आहे, फक्त एसीमध्ये. समजा क्लायंट तुझ्या तासाला २५ डॉलर देतो. महिन्याचे १६० तास, म्हणजे ४,००० डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ३ लाख ४० हजार. तुझं वर्षाचं पॅकेज जवळजवळ एका महिन्यात वसूल! अर्थात त्यातून ऑफिस, ट्रेनिंग, सेल्सवाले आणि रिकामे बसलेले लोक, सगळ्यांचा खर्च निघतो. तरीपण आकडा डोक्यात राहू दे.

पुण्याला हे नवीन नाही. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यातच सुरू झाली. पहिलं गिऱ्हाईक न्यूयॉर्कचं, डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन. म्हणजे सुरुवातच दुसऱ्याचं काम करून देण्यातून झाली.

फायदे खरे आहेत, मी स्वतः घेतलेत. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यालासुद्धा पगार देऊन शिकवतात. मेडिक्लेममध्ये आईवडिलांना घालता येतं. होमलोनला बँक कंपनीचं नाव बघते. पाच वर्षांत मी विमा, बँक आणि एक किराणा साखळी असे तीन धंदे आतून बघितले. भोरमध्ये बसून अमेरिकेतला विम्याचा क्लेम कसा पास होतो हे मला कोण शिकवणार होतं?

आता दुसरी बाजू. प्रोजेक्ट संपला की बेंच. सुरुवातीला मजा वाटते, कँटीन आणि टीटी. मग रोज प्रोजेक्टसाठी फोन करत फिरायचं. टीसीएसने जून २०२५ मध्ये नियमच केला की वर्षात किमान २२५ दिवस बिलिंग पाहिजे आणि बेंच ३५ दिवसांपेक्षा जास्त नको. पुढच्याच महिन्यात सुमारे १२,००० लोक कमी करणार असं जाहीर केलं, त्यात जास्त करून मधल्या आणि वरच्या फळीतले. टोळी मोठी म्हणून रोजगार पक्का, हे आपल्या वडिलांच्या डोक्यातलं गणित आता चालत नाही.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. तू लिहिलेला कोड क्लायंटचा. इंटरव्ह्यूत दाखवता येत नाही. तुझं काम रोज बघतो क्लायंट, पण रेटिंग देतो कंपनीतला मॅनेजर, ज्याला तू काय करतोस हे धड माहीतही नसतं. माझ्या जुन्या टीममधला एक जण चार वर्षं एकाच जुन्या सिस्टिमची तिकिटं बंद करत होता. क्लायंट खूश, कंपनी खूश. बाहेर इंटरव्ह्यू द्यायला लागला तर चार वर्षांचं सांगण्यासारखं दहा मिनिटांचंच निघालं.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. खेड शिवापूरचा टोल, नवले पूल, चांदणी चौक, वाकड. रोज घरून करायचा विचारही करू नकोस. रूमभाडं पॅकेजमधून वजा कर, मग दोन्ही ऑफर शेजारी ठेव.

माझं मत विचारशील तर हप्ता आहे म्हणून मोठी घे, पण दोन वर्षांसाठी, आणि तारीख आत्ताच ठरव. एक अट मात्र आहे. बाणेरवाल्यांना विचार की पगार ग्राहकांच्या पैशातून होतो का गुंतवणूकदाराच्या. ग्राहकांच्या पैशातून होत असेल आणि दोन-तीन वर्षं वेळेवर झाला असेल, तर डोळे झाकून तिकडं जा.

मोठ्या कंपनीच्या एचआरला सही करायच्या आधी मेल टाक. बाँड किती महिन्यांचा, मोडला तर किती भरायचे, नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे का, आणि ट्रेनिंगनंतर टेक्नॉलॉजी निवडता येते का. फोनवर विचारू नकोस, उत्तर लेखी असू दे. उत्तर आलं की मला पाठव, बाँडवर पुढचा भाग करू.