एकवीस सह्यांचा वाडा



पुण्याच्या एका पेठेत आमचा वाडा आहे. ‘आमचा’ म्हणताना हल्ली मी जरा अडखळतो. आजोबांनी तो स्वकष्टाने घेतला. जागा तीन गुंठे, म्हणजे 3,267 चौरस फूट. त्यांच्या माघारी तीन मुलगे आणि दोन मुली अशा पाच जणांचा त्यावर सारखा हक्क आला. ती पिढीही गेली. आज मालमत्ता पत्रकावर एकवीस नावे आहेत. धाकट्या आत्याच्या पाच मुलांपैकी एक वारला. त्याच्या पत्नीचा आणि दोन मुलांचा हिस्सा प्रत्येकी पंचाहत्तरावा. हिशोब केला तर एकेकाच्या वाट्याला साडेत्रेचाळीस चौरस फूट जागा येते. जेमतेम दोन खाटा मावतील एवढी!

या एकवीस जणांपैकी सहा पुण्यात राहतात. बाकीचे नागपूर, बडोदे, मस्कत आणि थेट अमेरिकेत. वाड्यात मात्र आमच्यापैकी कोणीच राहत नाही. राहतात ते आठ भाडेकरू. माडीवरच्या काकू लग्न होऊन या वाड्यात आल्या, आज त्या ऐंशीच्या घरात आहेत. जिन्याच्या दोन पायऱ्या तुटल्या आहेत आणि मागची भिंत फुगली आहे. दर पावसाळ्याच्या तोंडाशी धोकादायक इमारतीची नोटीस दाराला चिकटवली जाते, आणि दर दिवाळीला आम्ही भावंडे ‘यंदा काहीतरी करूया’ म्हणतो.

मग होत का नाही? गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाला 2019 पासून आपल्या राज्यात 51 टक्के सभासदांची संमती पुरते. सामाईक मालकीच्या वाड्याचे तसे नाही. वीस जणांनी सह्या केल्या तरी एकविसाव्याचा हिस्सा त्यांना विकता येत नाही. शेवटपर्यंत सही न करणाऱ्याला आपण हट्टी म्हणतो, पण सगळे अडले की त्याच्या सहीची किंमत वाढते, हे त्यालाही कळत असते. शिवाय त्याची शंका खरीही असू शकते. आमच्या एका बहिणीने विचारले, “माहेरच्या घराचा कागद मला आजवर कोणी दाखवला का?” तिला उत्तर देता आले नाही.

हा प्रश्न एका घराच्या भाऊबंदकीपुरता असता, तर आकाशवाणीवर येऊन सांगण्याचे कारण नव्हते. पण अशा हजारो तुकड्यांवर आपल्या शहरांची जुनी गावठाणे उभी आहेत. ज्यांच्या सह्या जमतात, त्यांचा वाडा पडतो आणि तीन गुंठ्यांत पाच मजले उभे राहतात. खाली गाड्या, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, दुसऱ्या कोपऱ्यात बोअर. चौकातली विहीर बुजते, मागचे झाड जाते आणि पाणी मुरायला उघडी माती उरत नाही. शेजारचा वाडा पडला की तिथेही हेच. दहा मालकांनी मिळून एक बाग, एक वाहनतळ, पाणी जिरवण्याची एक व्यवस्था केली असती, तर सगळ्यांचे भागले असते. पण तीन गुंठ्यांच्या मालकाने बाग कुठे करायची?

रस्त्याचेही तसेच. रुंदीकरणाची रेषा नकाशावर आखलेली असते, पण जागा मिळते ती एकेक घर पडेल तशी. म्हणून पेठांतले रस्ते करवतीच्या दात्यांसारखे दिसतात. एक इमारत मागे, पुढची पुन्हा रस्त्यात. अशा गल्लीत अग्निशमनाचा बंब शिरायचा कसा?

यावर उपाय नाही असे मात्र नाही. जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट शहरासाठी 1902 साली एक कायदा झाला. विखुरलेले तुकडे कागदावर एकत्र करायचे, त्यातून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या आणि उरलेल्या जागेचे नीट आकाराचे भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे, अशी ती पद्धत. आपल्याकडे मुंबई इलाख्यात 1915 साली नगररचनेचा कायदा आला, त्यात हीच कल्पना होती. डेक्कन, शिवाजीनगर भागातल्या जुन्या मिळकतींच्या पत्त्यात ‘फायनल प्लॉट नंबर’ दिसतो, तो अशाच योजनांचा. म्हणजे नदीपलीकडे जे जमले, ते नदीअलीकडे करायचे राहून गेले. अर्थात तिकडे बहुतेक मोकळी जमीन होती आणि इकडे भरलेली घरे, हा फरक मोठा आहे.

भरल्या गावातही ते करता येते, हे भूजने दाखवले. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात तिथले जुने शहर कोसळले. पुनर्बांधणी करताना तटाच्या आतल्या भागात नगररचना योजना राबवल्या गेल्या. रस्त्यांसाठी प्रत्येकाकडून जागा घेतली, पण सर्वांकडून सारखी नाही. लहान भूखंडवाल्यांना झळ कमी आणि मोठ्यांना जास्त, असे प्रमाण ठेवले. आपल्याला मात्र भूकंपाची वाट बघायची नाही.

मुंबईत भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवरच्या सुमारे 250 जुन्या इमारतींचा एकत्रित पुनर्विकास 2009 साली स्थापन झालेल्या एका विश्वस्त संस्थेने हाती घेतला. सुमारे 3,200 कुटुंबे आणि 1,250 दुकाने, सगळ्यांशी बोलणे करावे लागले. टोकियोत रोप्पोंगी हिल्स हा प्रकल्प 2003 मध्ये उभा राहिला. तिथे जवळपास 400 जमीनमालक होते, आणि आरंभापासून शेवटापर्यंत 17 वर्षे लागली. यावरून एवढेच घ्यायचे की, इथे जादूची कांडी नाही. वेळ बांधकामाला लागतो, त्याहून जास्त माणसांचा विश्वास मिळवायला लागतो.

म्हणूनच केवळ वाढीव चटईक्षेत्राचे आमिष पुरणार नाही. नकाशा आखण्याआधी कागद स्वच्छ हवेत. भाडेकरूचा हक्क लेखी हवा आणि बांधकामाच्या काळात तो राहणार कुठे, याची हमी हवी. बहुमताने निर्णय घ्यायचा तर अल्पमतातल्या माणसाला योग्य मोल आणि दाद मागायची जागा मिळायला हवी. सक्ती आणि न्याय बरोबर चालले, तरच शेजारचे दहा वाडे एकत्र येतील.

आणि काही गोष्टी सरकारची वाट न पाहता करता येतात. आपल्या मालमत्ता पत्रकाचा उतारा काढून पाहा. गेलेल्यांची वारसनोंद करा. मृत्युपत्र करा. बहिणींना कागद दाखवा.

आम्ही गेल्या दिवाळीत तेवढेच केले. एकवीस जणांना उताऱ्याची प्रत पाठवली, बहिणीला सर्वांत आधी. सोळा जणांनी होकार कळवला आहे. पाच उत्तरे यायची आहेत. माडीवरच्या काकू मला दर वेळी विचारतात, “अरे, माझ्या हयातीत होईल का रे?”

पावसाळ्याच्या आत उरलेल्या पाच जणांना मी स्वतः भेटणार आहे.