बालपणीच्या पवित्र कथा व आपली ओळख



ज्युबिलीच्या या आनंदप्रसंगी आम्ही एका लहानशा दिसणाऱ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. पाचसहा वर्षांच्या वयात आईच्या अगर आजीच्या तोंडून ज्या पवित्र कथा कानी पडतात, त्यांचे पुढे काय होते? कित्येकांची समजूत अशी की, कथा ही धर्मशिक्षणाची केवळ पहिली पायरी. प्रश्नोत्तरे पाठ झाली की तिचे काम संपले. आम्हांस हे मान्य नाही. पाठ केलेली प्रश्नोत्तरे मनुष्य विसरतो; दाविदाची गोफण व योसेफाचा अंगरखा तो विसरत नाही. आपण कोण, याचे उत्तर तो पुढे याच चित्रांत शोधतो.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे पुरते ओळखले होते. हे जन्माने इंग्रज. १५७९ साली गोव्यास आले. त्यांच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभी अशी हकीकत आहे की, रविवारी मुलांचे धर्मशिक्षण चालले असता एका नवख्रिस्ती गृहस्थाने त्यांस विचारले, जुनी पुराणे वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे का देत नाही? प्रश्न मोठा मार्मिक होता. उत्तरादाखल सुमारे अकरा हजार मराठी ओव्या झाल्या व १६१६ साली रायतूर येथे तो ग्रंथ छापून निघाला. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेवर बंदी घातली. त्या काळच्या छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. परंतु लोकांनी हातांनी नकला करून ग्रंथ जिवंत ठेविला, व १९०७ साली तो मंगळूर येथे पुन्हा छापला गेला. नुसत्या प्रश्नोत्तरांसाठी कोणी एवढे श्रम घेत नाही!

गोव्याची ही हकीकत आम्ही आळेफाट्यावर का सांगतो? येथून जवळच, आळे गावी, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदविले त्या रेड्याची समाधी आहे. ती कथा या भागात लहानमोठ्या सर्वांच्या ओठी आहे. आपल्या घरचे मूलही ती शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकतेच. त्याच मुलास रात्री बलामाच्या गाढवीची कथा सांगावी. वाटेत उपसलेली तलवार घेऊन उभा असलेला देवदूत गाढवीस दिसला, धन्यास दिसला नाही. तीन वेळा मार खाल्ल्यावर देवाने तिचे मुख उघडले. या मुलास मुके जनावर बोलले याचे नवल वाटत नाही. बायबल त्यास परमुलखातले वाटत नाही, आणि गावही परके वाटत नाही.

आज पुष्कळ घरांत या कथा प्रथम कानी येतात त्या इंग्रजीतून, भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून. चित्रे सुंदर असतात, यात वाद नाही. परंतु पडद्यास मध्येच थांबवून मूल काही विचारू शकत नाही, आणि आळ्याच्या मुलास तर एक प्रश्न खचित पडणार : त्या गाढवीची समाधी कोठे आहे? शास्त्रात तिचे पुढे काय झाले ते सांगितलेले नाही. आजीस ते आपल्याच शब्दांत सांगावे लागेल.