आम्ही पाहिलेले दिवे



गेल्या माघात आम्ही आठजणी गाडी ठरवून दीपगृहे पाहून आलो. सकाळी रत्नागिरीचे, 1867 सालचे. वाटेत गणपतीपुळ्याला दर्शन. दुपारी जयगडचे, 1932 सालचे, बिडाचे. प्रत्येक दिव्याची उघडझाप निराळी, म्हणून तांडेलाला अंधारातही किनारा ओळखता येतो.

माझे वडील मासेमारीला जात. जयगडचा दिवा दिसला की घर आलेच, असे म्हणत. एका वादळात ते परतले नाहीत. तेव्हापासून आईने त्या दिव्याकडे पाहिले नव्हते. यंदा ती बरोबर आली. वर चढवेना, खालूनच हात जोडून म्हणाली, “त्याने काय करावं? तो तर जागाच होता.”

भगिनींनो, सहलीला घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही न्या, एवढेच सांगून माझे दोन शब्द पुरे करते.