ओहोटीची वेळ, कामाची वेळ



अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं,
तर ओहोटीच गाठावी लागते.
भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते.
म्हणून जाणारा आधी वेळ पाहतो,
मगच पाऊल टाकतो.

ऑनलाइन धंद्याचंही तसंच आहे.

भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा
आता फोनवरूनही विकता येतो.
पण दिवसभर फोनच हातात राहिला,
तर कांद्याच्या माळा विणायच्या कधी?

म्हणून मंडळी, वेळ ठरवा.
सकाळी माळा आणि पॅकिंग.
दुपारी ऑर्डरी आणि हिशेब.
संध्याकाळी ग्राहकांना उत्तरं.
उद्याचं पहिलं काम आजच वहीत लिहा.

स्वप्न मोठं बघा.
पण आधी वेळ ठरवा,
आणि ठरवलेली वेळ पाळा.