घराच्या उबेचे अंदाजपत्रक
(रेडिओवरील भाषण)



टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, ओकव्हिल या परिसरात स्वतःचे घर बांधावयास, अथवा जुने घर मुळापासून दुरुस्त करावयास निघालेल्या मराठी गृहस्थाचे अंदाजपत्रक कोणी चाळून पाहिले, तर स्वयंपाकघरातील दगडी ओट्यापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत प्रत्येक बाबीची त्यात तपशीलवार नोंद आढळते. वास्तुशिल्पज्ञाचे शुल्क, परमिटची फी, जमिनीच्या मोजणीचा खर्च हेही यथास्थित मांडलेले असतात. परंतु ज्या व्यवस्थेवर वर्षातील निदान सहा महिने त्या घराचे राहण्याजोगेपण अवलंबून असते, ती उष्णतेची आणि वायुवीजनाची व्यवस्था ‘फर्नेस, एसी, डक्ट : एकरकमी’ अशा एका ओळीत आटोपलेली असते, आणि ती योजून देणाऱ्या तज्ज्ञाच्या मोबदल्याची तर त्या कागदावर बाबच नसते. ह्या गाळलेल्या बाबीची शिफारस करणे हा आजच्या भाषणाचा हेतू आहे. विषय माझ्या उपजीविकेचा असल्यामुळे माझी साक्ष हितसंबंधी साक्षीदाराची ठरते, हा आक्षेप मी आधीच मान्य करतो. श्रोत्यांनी ती उलटतपासणी करूनच स्वीकारावी.

ही बाब गळते याचे एक कारण आपल्या पूर्वसंस्कारात आहे. देशावर किंवा कोकणात घर बांधताना उबेची स्वतंत्र तजवीज करावी लागत नाही, आणि वाऱ्याचा प्रश्न समोरासमोरच्या खिडक्या, झरोके आणि मधला चौक यांवर सुटत असल्यामुळे तो गवंड्याच्या पिढीजात अनुभवावर निर्धास्त सोपवता येतो. दुसरे कारण येथील बाजारपेठेच्या शिरस्त्यात आहे. डिझाइनचे काही पडत नाही, ते आमच्याकडूनच, असे कंत्राटदार हसतमुखाने सांगतो, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी तरतूद कशाला करावी, असा विचार करून आपण निश्चिंत होतो. परंतु नाडीपरीक्षेचे काही न घेणारा वैद्य काढ्याच्या किमतीत आपली दक्षिणा वसूल करतो, त्यातलाच हा प्रकार आहे. थंडी वाजते म्हणून घरमालकाचा फोन येईल याची कंत्राटदारास धास्ती असते. इंधनाचे बिल मात्र त्याच्या दारी कधीच येत नाही. अशा स्थितीत त्याने यंत्र एक आकार वाढवून सुचवावे, यात लबाडी असतेच असे नाही. पण त्या सावधगिरीचा खर्च मात्र दरसाल आपल्या खाती पडतो.

शिवाय मोठे यंत्र म्हणजे अधिक सुख, हा समजही खरा नाही. गरजेहून फार मोठी फर्नेस सुरू होताच पाच-सात मिनिटांत थर्मोस्टॅट ज्या दालनात आहे ते दालन तापवून बंद पडते, आणि दूरच्या खोल्यांपर्यंत ऊब पोचण्यापूर्वीच तिचा फेरा संपतो. घटकाभराने ती पुन्हा तोच खटाटोप मांडते. वारंवार चालू-बंद होण्याने यंत्र झिजते, डक्टमधून वाऱ्याचा आवाज येतो, आणि एका मजल्यावर घाम तर दुसऱ्या मजल्यावर स्वेटर, अशी कुटुंबाची विभागणी होते.

मग तज्ज्ञ करतो तरी काय? तो प्रथम हिशेब मांडतो. ओंटारिओच्या बांधकाम नियमांनुसार बाहेर हिवाळ्याचे ठरीव तापमान असताना राहत्या खोल्यांत 22 अंश सेल्सियस राखता आले पाहिजे. हे ठरीव तापमान टोरांटोकडे उणे 18 ते उणे 20 अंशांच्या आसपास धरतात, आणि त्याचा अर्थ असा की जानेवारीच्या 744 तासांपैकी अडीच टक्के, म्हणजे सुमारे 19 तासच, त्याहून अधिक थंडीचे असावेत. आता एका खोलीची एकच बाहेरची भिंत घ्या. तिचे क्षेत्रफळ 12 चौरस मीटर असून त्यात 2 चौरस मीटरची खिडकी आहे. भिंतीतून दर चौरस मीटरमागे, आत-बाहेरच्या प्रत्येक अंशाच्या फरकास 0.3 वॉट आणि खिडकीतून 2 वॉट उष्णता निसटते असे धरले, तर 40 अंशांच्या फरकाला 10 चौरस मीटर भिंत 120 वॉट गमावते आणि 2 चौरस मीटरची खिडकी 160 वॉट. भिंतीच्या एक पंचमांशाहून कमी जागा व्यापणारी काच उरलेल्या सगळ्या भिंतीपेक्षा अधिक उष्णता बाहेर घालवते, हे या दोन ओळींच्या गणिताने कळते, आणि खिडकी उंची घ्यावी की फर्नेस मोठी घ्यावी, या प्रश्नाचा निकाल लावण्यास आधार मिळतो. असाच हिशेब प्रत्येक भिंतीचा, छताचा, तळघराचा आणि फटींतून शिरणाऱ्या वाऱ्याचा, खोलीगणिक करावयाचा असतो.

खोलीगणिक या शब्दावर माझा विशेष भर आहे. गॅरेजवरची खोली हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. तिच्या तीन बाजू उघड्या, खाली न तापवलेले गॅरेज, वर छप्पर, आणि फर्नेसपासून तिच्याकडे जाणारा डक्ट घरातील सर्वांत लांब. म्हणजे उष्णता सर्वांत जास्त गमावणारी खोली आणि वारा सर्वांत कमी पोचणारी खोली एकच. संपूर्ण घराच्या चौरस फुटांवरून यंत्र ठरवणाऱ्या ढोबळ आडाख्यात ही खोली दिसतच नाही. घराची बेरीज बरोबर जुळते, आणि त्या खोलीत झोपणारा मुलगा मात्र डिसेंबरात दोन रजया घेतो.

उबेइतकेच महत्त्व वाऱ्याला आहे. 1973 च्या तेलटंचाईनंतर कॅनडातील संशोधकांनी घरे अधिकाधिक हवाबंद करण्याचा ध्यास घेतला, आणि 1977 साली सस्कॅचेवन प्रांतातील रेजायना येथे नेहमीच्या फर्नेसवाचून चालणारे एक प्रात्यक्षिक घर उभे राहिले. घर इतके घट्ट बांधल्यावर शुद्ध हवा आणावी कोठून, याचे उत्तर म्हणून त्यात बाहेर जाणाऱ्या उबदार हवेची उष्णता आत येणाऱ्या थंड हवेस देणारे यंत्र बसवले होते. आज आपण ज्याला एचआरव्ही म्हणतो त्याच्या पूर्वजांपैकी ते एक. जुन्या घरांना फटींतून फुकट मिळणारी हवा नव्या घरांना हिशेबाने पुरवावी लागते. मुख्य शय्यागृह आणि तळघर यांस सेकंदाला 10 लिटर व इतर खोल्यांस 5 लिटर, असा येथील प्रघात आहे. मध्यम घरात सेकंदाला 40 लिटर हवा सतत बदलत राहिली, तर कडाक्याच्या थंडीत ती तापवण्यास सुमारे 1.9 किलोवॉट लागतात, आणि 70 टक्के उष्णता परत मिळवणारा एचआरव्ही त्यांतले सुमारे 1.3 किलोवॉट वाचवतो.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. मिरची-हिंगाची फोडणी ज्या घरात नित्याची आहे, तेथे चुलीवरचा मोठा पंखा हौसेने घेतला जातो. मिनिटाला 600 घनफूट हवा ओढणारा पंखा म्हणजे सेकंदाला सुमारे 280 लिटर, वरील संथ वायुवीजनाच्या सातपट. तेवढी हवा कोठून तरी आत यावीच लागते, आणि बाहेर उणे 18 अंश असताना ती तापवण्यास साडेतेरा किलोवॉटच्या आसपास शक्ती खर्ची पडते. एखाद्या चांगल्या बांधलेल्या सबंध घराची गरजही कित्येकदा याहून अधिक नसते. आत येण्यास वाट ठेवली नसेल, तर तोच पंखा जुन्या धर्तीच्या गॅस हीटरचा धूर धुराड्यातून उलटा घरात ओढू शकतो, आणि त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. ओट्याच्या दुकानात पंखा पसंत करताना हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो विचारणे हे योजनाकाराचे काम.

आता प्रत्यक्ष तरतुदीविषयी. परमिटसाठी उष्णताहानीचा हिशेब व डक्टचा नकाशा येथे मागतातच, आणि तेवढ्यापुरता कागद काहीशे डॉलरांत मिळतो; पण त्यातील भिंती व खिडक्या ठोकळ मूल्यांनी भरलेल्या असल्या, तर तो परमिट मिळवून देतो, ऊब देत नाही. खऱ्या योजनेचा मोबदला त्याहून पुष्कळ अधिक पडतो, आणि त्याच्या करारनाम्यात पुढील गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात: खोलीगणिक हिवाळी व उन्हाळी हिशेब, त्यावरून यंत्राची निवड, प्रत्येक डक्टचे माप व मार्ग, प्रत्येक झडपेतून किती हवा यावी याचा आकडा, आणि काम झाल्यावर तो आकडा उपकरणाने मोजून पाहण्याची जबाबदारी. मोबदला ठरीव रकमेत असावा. यंत्रखर्चाच्या टक्केवारीत ठरवल्यास महाग यंत्र सुचवण्याचा मोह आपणच योजनाकारासमोर ठेवतो. रकमेचा शेवटचा हप्ता त्या मोजणीनंतरच द्यावा. आणि ही खर्चाची बाब वास्तुशिल्पज्ञाचे नकाशे कायम होण्यापूर्वीची आहे, कारण तुळया कोणत्या दिशेने जाव्यात आणि डक्ट कोठून उतरावेत, हे तेव्हा पेन्सिलीने बदलता येते. नंतर तेच बदल बेसमेंटच्या छताखाली चार बोटे उंची हिरावून घेतात.

सर्वांनाच हा खर्च सांगावा असे नाही. लहान फ्लॅटमध्ये बिघडलेल्या यंत्राच्या जागी तसेच यंत्र बसवावयाचे असेल, तर संपूर्ण योजना करवणे ही चैन ठरेल. पण खिडक्या बदलल्या असतील, छतात नवे इन्सुलेशन घातले असेल, अथवा फर्नेस काढून हीट पंप बसवावयाचा असेल, तर जुन्या यंत्रावरील पाटीचा आकडा नकलून घेणे धोक्याचे आहे. हीट पंपाची हवा फर्नेसच्या हवेइतकी तापलेली नसते; तेवढीच ऊब पोचवण्यास अधिक हवा लागते, आणि जुने डक्ट ती वाहून नेतील की नाही, हे मोजल्यावाचून सांगता येत नाही.

शेवटचा मुद्दा निव्वळ व्यवहाराचा आहे. आपण तीन कंत्राटदारांकडून दरपत्रके मागवतो आणि सर्वांत कमी आकड्याकडे आपली नजर जाते. परंतु योजना हाती नसताना ती तीन पत्रके तीन निरनिराळ्या वस्तूंची असतात. एकाने लहान डक्ट धरलेला असतो, दुसऱ्याने एचआरव्हीच गाळलेला असतो, तिसऱ्याने यंत्र दुप्पट धरलेले असते, आणि त्यांची तुलना करणे केवळ आकड्यांच्या भरवशावर अशक्य होते. योजना हाती असली म्हणजे तिघांनाही एकाच वस्तूचा भाव सांगावा लागतो, आणि काम संपल्यावर ठरल्याप्रमाणे झाले की नाही, हे विचारण्याचा लेखी अधिकार आपल्याकडे राहतो. म्हणून अंदाजपत्रकात यंत्रांच्या ओळीच्या वर, यंत्रांच्या रकमेत न मिसळता, योजनाकाराच्या मोबदल्याची स्वतंत्र ओळ लिहावी, आणि काटकसरीची वेळ आली तर कात्री इतरत्र चालवावी. कारण काटकसर नेमकी कोठे परवडेल, हे सांगणारा घराच्या खर्चातील कागद तोच आहे.